रडार बोलतं, ड्रोन ऐकतो

टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची ड्रोन युद्धशाळा 2025मध्ये सुरू झाली आणि ग्वाल्हेरात ड्रोनच्या गप्पांना ऊत आला. त्यात एक गैरसमज हमखास भेटतो: दबा धरणारा ड्रोन, म्हणजे लक्ष्याची वाट पाहत आकाशात थांबणारा आणि मग त्यावर आदळून फुटणारा, लग्नातल्या शूटिंगच्या ड्रोनसारखा एका जागी तरंगतो. तसं करायचं तर सगळं वजन पंख्यांनीच पेलायला हवं, आणि लग्नातल्या ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासात बसते. इस्रायलच्या हारोप या दबा धरणाऱ्या ड्रोनला विमानासारखे पंख आहेत. पुढे जात राहिलं की पंखांवरून वाहणारी हवाच त्याला उचलून धरते, म्हणून तो तासन्‌तास घिरट्या घालू शकतो.

पण वाट कसली पाहायची? रडार सुरू होण्याची! हारोपचा थोरला भाऊ हार्पी मुळात रडार फोडण्यासाठीच बनला. रात्री ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून टॉर्च मारा. खाली फूलबागेत उभा असलेला माणूस तुम्हाला दिसणार नाही, त्याला मात्र टॉर्च लगेच दिसेल. रडारचं तेच होतं. लहरी पसरत जातात, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की ड्रोनपर्यंत पोचणारी शक्ती पाव होते. ड्रोनवर आपटून परतणाऱ्या प्रतिध्वनीला परतीच्या वाटेवर पुन्हा तसंच पसरावं लागतं, म्हणून रडारच्या हाती सोळावा हिस्सा येतो. अंतर दसपट केलं तर शंभरावा आणि दहा हजारावा! एकीकडे अंतराचा वर्ग, दुसरीकडे चौथा घात. शिवाय मुख्य झोत भलतीकडे वळलेला असला तरी अँटेनाच्या साइडलोबमधून, म्हणजे बाजूंना सांडणाऱ्या कमजोर झोतांमधून, थोडी ऊर्जा गळते, आणि संवेदनशील रिसीव्हरला तेवढीही पुरते.

रडार बंद केलं तर? रडारवेधी क्षेपणास्त्राला चकवायची ही जुनी युक्ती. ते थोड्याच वेळात कुठेतरी आदळून संपतं. ड्रोन मात्र घिरट्या घालत राहतो, आणि रडार बंद असेपर्यंत हल्ला करणाऱ्यांच्या विमानांना वाट मोकळी मिळते. हारोपला कॅमेराही आहे, त्यामुळे मुकं रडारही दिसतं. हल्ला करायचा की शेवटच्या क्षणी रद्द करायचा, हे जमिनीवरचा ऑपरेटर ठरवतो.

मे 2025च्या संघर्षात व्हिडिओ गेमच्या क्लिपा युद्धाच्या म्हणून फिरल्या, आणि हे ड्रोन अमोघ आहेत असं लोकांना वाटू लागलं. ही समजूत घातक आहे. प्रोपेलरवर चालणारा ड्रोन संथ असतो, नजरेत आला तर तोफेनेही पडतो. खोट्या रडार-संकेतांनी त्याला फसवताही येतं.

आपल्या नागपुरात बनणारा नागास्त्र-1 बराच लहान, जवान पाठीवर वाहून नेतील एवढा. तो बॅटरीवर उडतो, म्हणून त्याच्या घिरट्या थोडक्याच. पण लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटने उतरवून तो पुन्हा वापरता येतो.