चित्रपुस्तक (लहान मुलांच्या रोजच्या भावना)

साधारण दोन ते सहा वर्षांच्या पोरांना मांडीवर घेऊन वाचून दाखवायची पुस्तकं. विषय घरातलेच, रुसणं, अंधाराची भीती, बालवाडीचा पहिला दिवस, घरात नवीन बाळ आलं की होणारी जळजळ. पानं बहुतेक ३२, कारण छपाईचा कागद घडी घालून १६ पानांचा एक फर्मा होतो आणि दोन फर्म्यांत काम भागतं.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही अभ्यासक थेट कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाच्या १६५८ च्या लॅटिन-जर्मन पाठ्यपुस्तकापर्यंत मागे जातात, पण तिथे चित्र म्हणजे नुसती शब्द समजावायची सोय, त्यामुळे त्याला सचित्र पुस्तक म्हणणंच बरं. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांनी तीन वर्षांच्या मुलासाठी केलेली आणि १८४५ मध्ये छापलेली वही विषयाने जास्त जवळची वाटते, पण त्यात अंगठा चोखणाऱ्या पोराचे अंगठेच कापले जातात, म्हणजे भावना पोराची आणि बाजू मोठ्यांची. जे शब्दांत नाही ते चित्राने सांगायचं ही कसोटी लावली तर इंग्लंडचा चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट याची १८७८ पासूनची पुस्तकं पुढे येतात आणि अमेरिकन चित्रपुस्तककार मॉरिस सेंडॅकही सुरुवातीचा मान त्यालाच द्यायचा. सेंडॅकच्या स्वतःच्या १९६३ च्या पुस्तकात न जेवता खोलीत पाठवलेल्या पोराचा राग चढतो तसं चित्र पानभर पसरत जातं, मग सलग तीन जोडपानांवर (समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एक चित्र) एक शब्द नाही, राग उतरला की चित्र पुन्हा आक्रसतं आणि शेवटच्या पानावर फक्त शब्द, जेवण गरम असल्याचे. ही पानांच्या मापातली कारागिरी वाचणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही, पोराला मात्र बरोबर कळते.

मराठीत चित्रकथा म्हटलं की लोकांना कॉमिक्स आठवतं, म्हणून चित्रपुस्तक हाच शब्द सोयीचा. माधुरी पुरंदरे यांच्या 'यश' आणि 'राधाचं घर' या मालिका इथे आधी घ्याव्या लागतात, लेखन-चित्रं दोन्ही त्यांचीच आणि शेवटी उपदेश नाही, जो बाकी बऱ्याच पुस्तकांना आवरत नाही.

नागपुरात वाचताना भाषा आपोआप बदलते. छापलेलं असतं "का रडतेस?", आजी वाचते "काहून रडून राहिली वं?", आणि पोरगी तेवढ्यावरच हसते. विषयही इथले वेगळे निघतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी नंदी सजवायचा पोरांचा पोळा, त्याच दिवशी इडापिडा जावी म्हणून काढलेली काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, बापाच्या खांद्यावर बसून ते अक्राळविक्राळ पुतळे बघणाऱ्या पोराची भीती म्हणजे तयार जोडपान आहे. किंवा शब्द एवढेच, "सगळ्यांचे नंदी किती छान सजले!" आणि चित्रात शेजारच्या पोराचा चाकांवरचा कमरेएवढा लाकडी नंदी, समोर आपला हिरो, स्वतःचा वीतभर नंदी पाठीमागे लपवून उभा, बोजारा (नंदी घेऊन आलेल्या पोरांना मिळणारा खाऊ-पैसे) घ्यायलाही हात पुढे करत नाही.