इलेक्ट्रॉन-जोडी मापन

उच्च ऊर्जेच्या टकरींतून निघणारे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) जोडीने ओळखून त्यांचा उगम शोधण्याची कणभौतिकीतील पद्धत. दोन्ही कणांची ऊर्जा आणि त्यांच्या मार्गांमधला कोन कळला, की जोडीचे एकत्रित वस्तुमान काढता येते. असंख्य जोड्यांची वस्तुमाने आलेखावर मांडली, की त्यात शिखरे उठतात; असे शिखर म्हणजे त्या वस्तुमानाचा, अशा जोडीत विघटन पावणारा एखादा कण. ३.१ जीईव्हीजवळचे (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट; कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजण्याचे एकक) असेच शिखर १९७४ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सॅम्युएल टिंग यांच्या गटाला दिसले आणि जे/साय कण सापडला. सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत १९८३ मध्ये झेड बोसॉन हा कणही (सुमारे ९१ जीईव्ही) प्रथम मुख्यतः याच वाटेने हाती लागला.

मोजण्यापेक्षा वगळण्याचे काम मोठे. टकरींत पायॉन या दुसऱ्या हलक्या कणांची रेलचेल असते, म्हणून आधी इलेक्ट्रॉन खरा आहे ना, हे पाहावे लागते: स्फटिकात सोडलेली ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातील वळणावरून काढलेल्या संवेगाशी जुळली पाहिजे. खरे इलेक्ट्रॉनही फसवतात. १.०२२ एमईव्हीहून (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) अधिक ऊर्जेचा गॅमा किरण अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीत रूपांतरित होऊ शकतो. वाशीच्या विकिरण प्रकल्पात मसाल्यांवर सोडले जाणारे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण (१.१७ आणि १.३३ एमईव्ही) ही मर्यादा जेमतेम ओलांडतात, त्यामुळे तिथे अशा जोड्या नगण्य. खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम केंद्रातील १० एमईव्हीचा झोत जड धातूवर आदळून उच्च ऊर्जेचे क्ष-किरण निघाले, तर त्या अधिक प्रमाणात निर्माण होतील. तिथे त्यांची दखल घेण्याचे कारण नाही. सर्नमध्ये मात्र कणांचे झोत वाहून नेणाऱ्या झोतनळीच्या भिंतीत हेच घडते आणि विश्लेषकांची डोकेदुखी होते.

त्यावर कडी चुकीच्या जुळणीची. एका इलेक्ट्रॉनला भलत्याच पॉझिट्रॉनशी जोडले जाणे अटळ असते; संध्याकाळी ठाणे स्थानकाबाहेरच्या गर्दीत कोण कोणाबरोबर आले, हे ठरवण्यासारखेच ते. उपाय चतुर आहे: समान विद्युतभाराच्या दोन कणांच्या जोड्या मुद्दाम बनवायच्या. त्यांत अस्सल जोडी जवळपास नसतेच, म्हणून त्यांच्या संख्येवरून खोट्या जोड्यांचा अंदाज बांधून तो वजा करतात. शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरींत अस्सल संकेत या पार्श्वभूमीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असू शकतो, त्यामुळे वजाबाकीतली किरकोळ चूकही निष्कर्ष उलटवते.

या कामात वाशीच्या खाडीपलीकडील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचाही हात आहे. सर्नमधील सीएमएस प्रयोगाच्या प्रीशॉवर डिटेक्टर या कण टिपणाऱ्या उपकरणासाठी सिलिकॉन पट्ट्या त्याने बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने घडवल्या. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

एवढा खटाटोप करण्याचे कारण असे, की इलेक्ट्रॉनांना प्रबळ बल लागू होत नाही आणि टकरीतल्या तप्त द्रव्यातून ते जवळजवळ अबाधित बाहेर पडतात, म्हणून आतली खबर तशीच बाहेर आणतात. सर्नच्या सेरेस प्रयोगाला १९९५ मध्ये ऱ्हो मेसॉन या अल्पायुषी कणाच्या वस्तुमानाखालील पट्ट्यात अपेक्षेहून अधिक जोड्या आढळल्या. तप्त द्रव्यात ऱ्हो हलका होतो की त्याचे शिखर रुंदावते, यावर वाद रंगला. २००६ मध्ये सर्नच्याच एनए६० प्रयोगातील म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) जोड्यांनी कौल रुंदावण्याच्या बाजूने दिला.