भरतीचे वेळापत्रक आणि धरणाची दारे

मुसळधार पावसात गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारपेठेत दोनच गोष्टींची विचारपूस चालते. अंजुणे धरणाची दारे उघडली का? आणि भरती किती वाजता? हे दोन प्रश्न जोडून का विचारावे लागतात, ते समजायला गोव्यातल्या पाण्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचा गोवा म्हणजे अरुंद उतार. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. घाटात कोसळलेले पाणी काही तासांत खाली येते आणि तिथे त्याची गाठ भरतीशी पडते. मांडवीत भरतीचे पाणी मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत चढते. म्हणजे इथल्या नदीला दोन तोंडे आहेत. वरून पावसाचे पाणी रेटते आणि दिवसातून दोनदा खालून समुद्र रेटतो.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. खाजन शेती म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली शेती. तिच्या बांधातली मानस, म्हणजे पाण्याचे दार, मी लहानपणापासून पाहत आलो आहे, तरी तिचे नवल ओसरत नाही. लाकडी दारे अशी टांगलेली असतात की भरती चढू लागली की खाऱ्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात. ओहोटी लागली की शेतात साचलेले पावसाचे पाणी आतून ढकलते आणि दारे उघडतात. बांधाची डागडुजी करणे, मानशीवर नजर ठेवणे हे गावकरीचे, म्हणजे गावच्या सामूहिक संस्थेचे, काम होते. पाणी कधी सोडायचे हे गावच ठरवत असे, आणि ज्याची शेती बुडणार तोही त्याच गावातला असे.

धरणे आली ती गोवा मुक्तीनंतर. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत खांडेपार नदीवर ओपाची पाणीयोजना उभी राहिली होती, पण ती वाहत्या नदीतून पाणी उचलणारी. पावसाळ्यातले पाणी उन्हाळ्यासाठी अडवून ठेवायची मोठी सोय नव्हती. दक्षिण गोव्याची तहान आणि शेती डोळ्यांसमोर ठेवून सांगे तालुक्यात साळावली धरणाची आखणी झाली. त्याची पूर्ण क्षमता 23,436 हेक्टर मीटर. राज्यातल्या इतर धरणांशी तुलना केली म्हणजे तिचा आकार ध्यानात येतो: अंजुणे 4,483, काणकोणातले चापोली 1,122, डिचोलीतले आमठाणे 597 आणि पंचवाडी 446.

साळावलीची किंमत कुर्डी गावाने मोजली. 1980 च्या दशकात हे गाव रिकामे झाले आणि लोक वाडे व वालकिणी या गावांत गेले. कदंबकालीन महादेव मंदिराचा चिरा न् चिरा उतरवून ते धरणाजवळ पुन्हा बांधले गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव आता फक्त उन्हाळ्याच्या अखेरीस वर येते. मे महिन्यात पाणी ओसरले की घरांची जोती, विहिरींचे काठ, सुकलेली झाडे दिसू लागतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, फेस्त होते आणि विखुरलेले कुर्डीकर काही दिवसांपुरते आपल्या वाड्यावर उभे राहतात. कार्यालयाच्या फळ्यावर जलाशयाची पातळी आकड्यात लिहिली जाते. कुर्डीकर तीच पातळी कोणाच्या दारापर्यंत पाणी आले यावरून सांगतात.

साळावलीचा सांडवा बदकाच्या चोचीसारखा गोलाकार आहे. त्याला दारे नाहीत. पाणी 41.15 मीटरवर पोचले की ते काठावरून तिन्ही बाजूंनी आतल्या खोल खड्ड्यात कोसळते आणि खालून नदीत निघून जाते. बहुतेक वर्षी हे जुलैमध्येच घडते. पर्यटक फोटो काढतात. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: इथे विसर्ग कोणी ठरवत नाही, काठच ठरवतो.

सत्तरीत केरीजवळचे अंजुणे धरण 1989 मध्ये पूर्ण झाले. ते वेगळ्या जातीचे आहे, त्याला दारे आहेत. 93.2 मीटर ही त्याची पूर्ण पातळी. चोर्ला घाटाचा पाऊस थेट या धरणात येतो. जुलैतच ते काठोकाठ भरून ठेवले तर पुढच्या मोठ्या पावसाला आत जागा उरत नाही आणि आलेले सगळे पाणी तसेच खाली सोडावे लागते. फार रिकामे ठेवले आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर सत्तरी-डिचोलीचे वायंगण, म्हणजे उन्हाळी भातपीक, अडचणीत येते. म्हणून पावसाळाभर थोडे थोडे सोडत, पाऊस सरताना ते भरून घ्यायचे असते. सोडलेले पाणी वाळवंटी नदीतून साखळीत येते, आणि तेव्हा भरती असली तर ते पुढे सरत नाही, काठावर चढते. धरणाच्या दारांनाही मानशीचाच नियम लागू आहे. फरक एवढाच की मानस तो आपोआप पाळते, इथे माणसाला पाळावा लागतो.

तिळारीत तर माणूसही दुसऱ्या राज्यातला. 1990 च्या करारानुसार हा महाराष्ट्र-गोव्याचा संयुक्त प्रकल्प आहे आणि गोव्याचा वाटा 73.3 टक्के, पण धरण सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये तिळारीला पूर आला, धरणातून विसर्ग झाला आणि गोव्यातल्या साळ, इब्रामपूर, हणखणे या भागांत पाणी शिरले. अशा वेळी निरोप दोन प्रशासनांमधून फिरत येतो. नदीला तेवढा वेळ लागत नाही.

सगळा दोष धरणांच्या माथी मारणेही खरे नाही. 23 जुलै 2021 ला सत्तरीत म्हादईने (मांडवीचे वरच्या भागातले नाव) घरे मोडली, तेव्हा गोव्याच्या हद्दीत तिच्या मुख्य प्रवाहावर धरण नव्हते. तो पाऊसच तसा होता.

धरण सुरक्षा कायदा 2021 मध्ये आला आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवणे धरणाच्या मालकावर बंधनकारक झाले. त्या आराखड्यात विसर्गाच्या आकड्याशेजारी भरतीची वेळ लिहिलेली हवी, आणि ती साळ-इब्रामपूरच्या पंचायतीत दारे उघडण्याआधी पोचायला हवी. नोव्हेंबरात ओहोळांवरच्या वसंत बंधाऱ्यांना फळ्या लावतात आणि पावसाआधी त्या काढून ठेवतात. कुठली फळी आधी काढायची आणि खालच्या शेतकऱ्याला हाक कधी मारायची, हे तिथे प्रत्येकाला माहीत असते.