पांढरा फ्लॅश की इन्फ्रारेड: ट्रॅप कॅमेऱ्याच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

ट्रॅप कॅमेरा म्हणजे जनावर समोर आले की आपोआप फोटो काढणारा, जंगलात बांधून ठेवलेला कॅमेरा. रात्रीच्या वाटेवर वाघाने स्वतःच स्वतःचा फोटो काढावा, ही कल्पना शंभर वर्षांची. १९२०च्या दशकात शिवालिकच्या जंगलात एका वनाधिकाऱ्याने वाटेत तार ताणून, मॅग्नेशियमच्या भडक्यात असे फोटो मिळवले. १९९०च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत पट्ट्यांवरून वाघ ओळखून संख्येचा अंदाज काढणे सुरू झाले. बाकी देश तोवर ठशांवरच होता: काचेवर पाऊल उतरवा, प्लास्टरचा साचा घ्या. आपल्याकडे जोडीला बुद्धपौर्णिमेची मचाणावरची प्रगणना. २००५च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्कातले वाघ फक्त कागदावर उरल्याचे उघड झाले आणि ठशांची पत गेली. २००६च्या देशव्यापी गणनेत कॅमेरे आले.

रात्रीच्या फोटोला पांढरा फ्लॅश हवा की डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा इन्फ्रारेड उजेड, हा वाद पेटला तो यानंतर. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. पांढऱ्या (झेनॉन) फ्लॅशचा लखलखाट इतका क्षणिक असतो की चालता वाघही गोठल्यासारखा येतो, पट्टा न् पट्टा मोजून घ्या. इन्फ्रारेडला उजेड तोकडा, शटर जास्त वेळ उघडे. फोटो कृष्णधवल, आणि जनावर चालते असेल तर पट्टे फरफटतात. तरीही इन्फ्रारेडवाल्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. फ्लॅशने जनावर बुजते, पुढे ती वाट टाळते, हा त्यांचा आक्षेप. शिवाय शिकाऱ्याला आणि चोरट्याला कॅमेरा कुठे आहे ते आयतेच कळते. अर्थात इन्फ्रारेडमध्येही ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्यांची लालसर ठिणगी समोरून दिसते. ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. जुन्नरच्या उसात बिबट्या आहे की नाही एवढेच बघायचे तर इन्फ्रारेड पुरे. कोणता वाघ, हे ठरवायचे तर मात्र पांढऱ्या फ्लॅशला तोड नाही, आणि 'जनावरे बुजतात' हे पालुपद जरा जास्तच आळवले गेले. २०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले; त्यात वाघाचे ७६,६५१.

छायाचित्रकारांनी दरम्यान वेगळीच वाट धरली. डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, पाणीबंद डब्यात, बाहेर जनावराची चाहूल घेणारा सेन्सर, बाजूंना दोन-तीन फ्लॅश. बाजारातून कधीच गेलेले जुने फ्लॅश ही मंडळी हुडकून आणतात, कारण ते स्टँडबायमधून झटकन जागे होतात आणि सेल कमी खातात. नवा महागडा फ्लॅश डोळे चोळेपर्यंत बिबट्याची शेपटीच फ्रेममध्ये उरते. अभयारण्यात हे सगळे वनखात्याच्या परवानगीनेच. (मालकीच्या शेतात बांधाल तरी शेजाऱ्याला सांगून ठेवलेले बरे.)

बाजारातल्या तयार ट्रॅप कॅमेऱ्यांच्या मेगापिक्सेलचे आकडे खोक्यावर ठळक छापतात, पण ते बरेचदा सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. बघायचा तो ट्रिगरचा वेग, म्हणजे जनावर हेरल्यावर किती झटकन फोटो निघतो ते. पण सेन्सरने आधी जनावर हेरायला तर हवे: तो उष्णतेतला फरक हेरतो, आणि विदर्भात मे महिन्यात रात्रीचे दगडही तापलेले असतात. जनावर आणि मागची जमीन यांत फरकच उरला नाही की समोरून गेलेला प्राणी कॅमेऱ्याला कळत नाही. म्हणून उन्हाळ्यात कॅमेरा पाणवठ्याच्या ओलसर काठाकडे वळवतात.