बफर द्रावण : सामू टिकवण्याच्या कल्पनेची पार्श्वभूमी

सामू (pH) म्हणजे द्रावणाची आम्लता सांगणारा अंक. त्यातील लहानशा फरकानेही अनेक विकरांचे (एन्झाइमांचे) कार्य मंदावते आणि सामू टिकवून धरणाऱ्या बफर द्रावणांच्या अभ्यासाला चालना मिळाली ती मुख्यतः या अडचणीतून. फ्रान्समधील फर्नबाख आणि ह्युबर्ट यांनी १९०० साली माल्टमधील प्रथिनविघटक विकराचा अभ्यास करताना दाखवले की, फॉस्फेट असलेल्या द्रावणात आम्ल किंवा आम्लारी मिसळले तरी त्याची आम्लता एकदम बदलत नाही.

याचे परिमाणात्मक स्पष्टीकरण हार्वर्ड विद्यापीठातील लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये दिले. त्यांच्यापुढचा प्रश्न होता शरीरातील द्रवांची रासायनिक उदासीनता कशी टिकते हा. सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार एकत्र असले, की बाहेरून आलेले हायड्रोजन आयन क्षाराच्या ऋण आयनांशी संयोग पावतात आणि हायड्रॉक्साइड आयनांना आम्लाचे रेणू उदासीन करतात. बदल टळतो असे मात्र नाही, तो या दोन घटकांच्या गुणोत्तरात होतो आणि दोन्ही भरपूर असेपर्यंत हे गुणोत्तर फारसे हलत नाही. ॲसेटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट प्रत्येकी ०.१ मोल असलेल्या एक लिटर द्रावणात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, तर सामू ४.७६ वरून सुमारे ४.६७ वर येतो. तेवढेच आम्ल एक लिटर शुद्ध पाण्यात घातल्यास तो ७ वरून थेट २ वर उतरतो.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये सामूचे लघुगणकीय मापन रूढ केले आणि १९१६ च्या सुमारास हासेलबाल्ख यांनी हेंडरसन यांचे, आम्ल व क्षार यांच्या गुणोत्तराचा आम्लतेशी संबंध सांगणारे समीकरण त्या भाषेत मांडले. गणिताच्या दृष्टीने ही भर किरकोळच, पण प्रयोगशाळांतून टिकले ते समीकरणाचे हेच रूप. गुणोत्तर दहापट बदलले तरी सामू एकाच अंकाने सरकतो, हे त्यातून चटकन दिसते.

द्रावणाची सामू टिकवण्याची क्षमता मोजण्याची रीत व्हॅन स्लाइक यांनी १९२२ मध्ये दिली. सामू आम्लाच्या पीकेए मूल्याइतका (म्हणजे आम्ल आणि त्याचे ऋण आयन समप्रमाणात असतात त्या सामूइतका) असताना ती सर्वाधिक असते आणि त्यापासून एका अंकाहून दूर गेल्यावर झपाट्याने घटते. त्यामुळे सजीवांतील प्रक्रियांच्या अभ्यासासाठी जीवरसायनशास्त्राला ६ ते ८ या पट्ट्यातील पीकेए असलेले बफर हवे होते; तिथे बसणारे फॉस्फेट कॅल्शियमसारख्या आयनांबरोबर अवक्षेप देते. नॉर्मन गुड आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सुचवलेल्या संयुगांपैकी सुमारे ७.५ पीकेएचे हेपेस आज पेशीसंवर्धनात सर्रास वापरले जाते.