खाडीतल्या होडीसाठी विजेची मोटर निवडताना

ट्रोलिंग मोटरच्या, म्हणजे लहान होडीला लावायच्या विजेवर चालणाऱ्या पंख्याच्या मोटरच्या, खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो पौंडांचा आकडा: ३०, ४५, ५५. तो वेगाचा नाही आणि अश्वशक्तीचाही नाही. पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा होडीला पुढे जो रेटा मिळतो, त्याचा तो आकडा आहे. तोही होडी जागेवर बांधून ठेवलेली असताना मोजलेला. ५५ पौंड म्हणजे सुमारे २४५ न्यूटन, अंदाजे २५ किलोचे पोते दोरीने उचलून धरताना हाताला बसते तेवढी ओढ. होडी पळू लागली की हा रेटा घटत जातो, कारण पंख्याच्या पात्यांचा पीळ ठरलेला असतो आणि एका फेऱ्यात तो ठरावीक अंतरच पुढे नेऊ शकतो. म्हणून ३० ऐवजी ५५ पौंडांची मोटर लावली तरी लहान होडी ताशी पाच-सहा किलोमीटरच्या आसपासच राहते. जास्तीचा रेटा वेगासाठी नसतो, वाऱ्यापुढे आणि पाण्याच्या ओढीपुढे तग धरण्यासाठी असतो. आणि ही मोटर जाळे ओढण्यासाठी मुळीच नाही. गळ टाकून सावकाश फिरणे, बिनआवाज जागा बदलणे, हे तिचे काम.

प्रचलित हिशेब असा: भरलेल्या होडीच्या दर ४५ किलोंमागे २ पौंड. १३ फुटी फायबर होडी १२० किलो, दोन माणसे १४०, बॅटरी ५५, नांगर, बर्फपेटी आणि बाकी सामान ३५, एकूण ३५० किलो. उत्तर येते जेमतेम १६ पौंड. उपवन किंवा मासुंदा तलावासारख्या साचलेल्या पाण्यात हे ठीक. ठाणे खाडीत हा हिशेब माणसाला अडकवतो.

उधाणाला मुंबई बंदरात पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते, आणि ते सगळे पाणी खाडीच्या अरुंद होत जाणाऱ्या गळ्यातून सहा तासांत आत येते आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जाते. मोटर घेण्याआधी ही ओढ स्वतः मोजावी. दिवाळे किंवा ऐरोलीच्या जेट्टीवर १० मीटरच्या दोन खुणा करा. पाणी पिऊन झालेले शहाळे अर्धे पाण्याने भरून सोडा. रिकामे शहाळे वर तरंगते आणि वारा त्याला ढकलतो. अर्धे भरलेले पाण्यात बुडून चालते आणि पाण्याचाच वेग सांगते. १० सेकंदांत खूण ओलांडली तर ओढ ताशी ३.६ किलोमीटर. २० सेकंद लागले तर निम्मी. मोजणी भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात करावी, कारण ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त असते.

आता आपली होडी स्थिर पाण्यात ताशी ५ किलोमीटर जाते असे धरा. ३.६ च्या ओढीविरुद्ध हाती उरतात १.४. दोन किलोमीटर परतायला जवळपास दीड तास, तोही मोटर पूर्ण जोरात ठेवून. पाणी थांबलेले असताना हेच अंतर २४ मिनिटांचे, आणि ओढीबरोबर निघालात तर १४ मिनिटांचे. म्हणून कोळीवाड्यातला जुना हिशेब इथे पौंडांपेक्षा जास्त कामाचा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. ठाण्याच्या टोकाला पाणी बंदरापेक्षा थोडे उशिरा भरते, तेवढे धरून चालावे. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे उधाणाच्या उलट सगळ्यात लहान भरती-ओहोटी असते, ओढ मंद असते; नवी मोटर पहिल्यांदा तेव्हाच पाण्यात उतरवावी. खाडीसाठी ५५ पौंड घ्या, पण जाणे-येणे पाण्याच्या पाठीवर बसवा.

खरा खर्च आणि खरा घोळ बॅटरीत. १२ व्होल्टची ५५ पौंडांची मोटर पूर्ण जोरात साधारण ५० अँपिअर ओढते. गाडीची बॅटरी इथे चालत नाही: तिच्या पातळ पट्ट्या काही सेकंदांच्या झटक्यासाठी असतात, पुन्हा पुन्हा खोल उतरवली की लवकर मरते. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी अनेकांना सोपी वाटते. पण तो १५० चा आकडा २० तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात अँपिअरने रिकामी केली तरचा. ५० अँपिअरने ओढली की आतली रासायनिक क्रिया मागे पडते आणि हाती शंभरच्या आसपास येतात. आयुष्य टिकवायला निम्मीच वापरायची, म्हणजे एक तास. वरचा दीड तासाचा परतीचा प्रवास आठवा. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२ किलोंची असते, ८०-९० टक्के वापरता येते आणि दीड तासाहून जास्त चालते. फक्त तिचे संरक्षक सर्किट सतत ५० अँपिअरहून बरेच जास्त देऊ शकते का, ते आधी पाहावे. वेग पाऊणपट केला तर लागणारी शक्ती निम्म्याहून कमी होते. हा फायदा पुरेपूर मिळतो तो पल्स पद्धतीच्या, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून जोर कमी करणाऱ्या नियंत्रकात. स्वस्त पाच टप्प्यांच्या मोटरीत वाचलेली बरीच वीज रेझिस्टन्सच्या कॉइलमध्ये तापून जाते.

वायरकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. बॅटरी तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबे. २.५ चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरीत ५० अँपिअरला २ व्होल्ट गळतात आणि १०० वॉट नुसती उष्णता होते, प्लास्टिक वितळते. १६ चौरस मिलिमीटरला गळती ०.३ व्होल्ट. वायर कथील चढवलेली घ्यावी, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा ब्रेकर बसवावा. हा ब्रेकर शोभेचा नाही. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करून प्रवाह आवरत असते. पंख्यात प्लास्टिकची पिशवी अडकून तो थांबला की तो उलटा व्होल्टेज शून्य होतो, प्रवाह कितीतरी पट वाढतो आणि कॉइल जळते.

दांड्याची लांबी सोपी: मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर, अधिक ५० सेंटिमीटर. पंखा वर राहिला तर हवा ओढतो आणि रेटा जातो. होडी दोन्ही टोकांना निमुळती असेल तर बाजूला ब्रॅकेट लागतो आणि होडी एका अंगाला वळत राहते, सुकाण सतत सावरावे लागते.

मोटर खाऱ्या पाण्याचीच घ्या, आणि तिला ॲनोड, म्हणजे मोटरऐवजी स्वतः गंजून झिजणारा धातूचा तुकडा, आहे ना ते पाहा. पावसाळ्यात खाडीचे पाणी निमखारे होते. त्यात जस्ताच्या ॲनोडवर थर चढून तो निकामी होतो, ॲल्युमिनियमचा चालू राहतो. त्यावर रंग लावू नये, अर्धा झिजला की बदलावा.

दर चार-पाच फेऱ्यांनी पंखा काढून मागे पाहा. तुटलेल्या जाळ्याचा केसाएवढा नायलॉन धागा पंख्याच्या आसाभोवती गुंडाळलेला सापडतो. तो तसाच राहिला की रबरी सील कापतो, मोटरीत पाणी शिरते, आणि हे कळते ते मोटर बंद पडल्यावरच. म्हणून पाना, जादा शिअर पिन (पंखा अडकला की आधी तुटणारी पिन) आणि नट डब्यात कायम असावेत, आणि वल्ही होडीतून कधीच उतरवू नयेत.