गेलफांड सेमिनार

गेलफांड सेमिनार : मॉस्को राज्य विद्यापीठाच्या यांत्रिकी व गणित विभागात (विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘मेखमात’) दर सोमवारी संध्याकाळी भरणारी संशोधन-व्याख्यानांची बैठक. सोव्हिएत गणिती इस्राएल मोइसेयेविच गेलफांड (१९१३–२००९) यांनी ती १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असतानाच सुरू केली आणि १९८९ च्या सुमारास देश सोडेपर्यंत चालवली. विषयाचे बंधन नव्हते. बीजगणित, विश्लेषण, भूमिती, गणितीय भौतिकी यांतले काहीही चाले, कारण गणित एकच आहे अशी गेलफांड यांची ठाम धारणा होती. गणितातल्या कुठल्याही विभागात व्याख्याने होतात, पण व्याख्यान कशासाठी असते हा प्रश्न इथे दर आठवड्याला नव्याने विचारला गेला, म्हणून या सेमिनारचे महत्त्व वेगळे आहे.

एरवीच्या विभागीय व्याख्यानाचा साचा ठरलेला असतो : तासभर वक्ता बोलतो, शेवटी दोन-तीन सभ्य प्रश्न येतात, टाळ्या होतात. मधेच आपला धागा सुटला हे श्रोता कोणाला सांगत नाही. मॉस्कोतल्या या बैठकीला शेवटाची वेळच नव्हती आणि सुरुवातीची वेळही नावापुरतीच होती. गेलफांड बहुधा उशिरा येत. तोवर मुख्य इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर लोक जमलेले असत. कोणी नव्या लेखाची प्रत दुसऱ्याला देई, कोणी सिद्धतेतली अडचण बोलून दाखवी. परदेश प्रवास दुर्मीळ असलेल्या त्या काळात कोण कशावर काम करतो आहे, हे कळण्याची ही हक्काची जागा होती. अनेकांच्या लेखी सेमिनारचा निम्मा लाभ या वाट पाहण्यातच होता.

व्याख्यान सुरू झाले की थोड्याच वेळात गेलफांड वक्त्याला अडवत. ही व्याख्या अशीच का? याचे सर्वांत साधे, पण क्षुल्लक नसलेले उदाहरण कोणते? दुसरा प्रश्न त्यांच्या कामाच्या मुळाशीच होता. त्यांनी आणि गणिती मार्क नाइमार्क यांनी १९४० च्या दशकात अनंत-मितीय प्रतिरूपणांचा (म्हणजे गटातले घटक अनंत मितींच्या अवकाशातल्या रेषीय क्रियांच्या रूपात दाखवण्याचा) जो सिद्धांत उभारला, त्याची सुरुवात दोन ओळी-दोन स्तंभांच्या, निश्चायक १ असलेल्या मॅट्रिक्सच्या (संख्यांच्या चौकोनी मांडण्यांच्या) गटापासून होते; गट म्हणजे ज्यात घटकांचा गुणाकार आणि व्यस्त आतच राहतात असा संच. एवढ्या लहान गटावर जे स्वच्छ दिसत नाही ते मोठ्या गटावर समजले असे म्हणता येत नाही, हा धडा तिथून आलेला. त्यामुळे मोठे प्रमेय घेऊन आलेल्या पाहुण्याची संध्याकाळ कधी एका उदाहरणातच संपे, तर कधी दुसऱ्याच कोणाला फळ्यापाशी बोलावून तोच विषय नव्याने मांडायला सांगितले जाई.

‘नियंत्रक श्रोता’ ही इथली खास प्रथा. सभेतल्या एखाद्याला, पुष्कळदा तरुण विद्यार्थ्याला, गेलफांड हे काम देत. वक्ता काय म्हणाला ते त्याने मधेच सांगायचे. सांगता आले नाही तर वक्त्याला मागे जावे लागे. म्हणजे खोलीतल्या सर्वांत कमी जाणणाऱ्या माणसाचे न समजणे ही सर्वांच्या कामाची गोष्ट ठरे. शाळकरी मुलांपासून विज्ञान अकादमीच्या सदस्यांपर्यंत सगळे एकाच खोलीत बसत, ते या प्रथेमुळेच शक्य झाले.

या पद्धतीला कठोर बाजूही होती आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. गेलफांड यांचे बोलणे बोचरे असे, भर सभेत वक्त्याचा पाणउतारा होई. काहीजण दुखावले, ते परत आले नाहीत. समजून घेण्याचा आग्रह माणसाला न दुखवताही धरता येतो. तरीही अलेक्सांद्र किरिल्लोव्ह, जोसेफ बर्नस्टाइन, दावीद काझदान आणि पुढे माक्सिम कोंत्सेविच असे गणिती या खोलीत घडले, हेही तितकेच खरे.

सेमिनारला आणखी एक आधार सोव्हिएत परिस्थितीने दिला. १९७० च्या दशकात मेखमातमध्ये ज्यू विद्यार्थ्यांची वाट प्रवेशपरीक्षेतच अडवली जाई आणि ज्यू गणितींना विभागात नोकरी मिळणे दुरापास्त होते. खुद्द गेलफांड, तेही ज्यू, १९५३ पासून विज्ञान अकादमीचे सहसदस्य होते. पूर्ण सदस्यत्व मिळायला १९८४ उजाडले. दिवसा भलत्याच संस्थेत नोकरी करणाऱ्या कित्येकांसाठी सोमवारची संध्याकाळ हाच गणिताशी असलेला जिवंत संबंध होता, कारण इथे येऊन बसायला पद लागत नव्हते.

मुलाच्या रक्ताच्या कर्करोगानंतर गेलफांड जीवशास्त्राकडेही वळले आणि त्यांनी त्या विषयाचा वेगळा सेमिनार सुरू केला. अमेरिकेत गेल्यावर रट्गर्स विद्यापीठात त्यांनी गणिताचा सेमिनार पुन्हा भरवला. तिथल्या कामाचे लेखसंग्रह १९९० च्या दशकात छापले गेले. मॉस्कोतला सेमिनार मात्र मुख्यतः तिथे बसलेल्यांच्या आठवणींतूनच आपल्यापर्यंत पोहोचतो.